पहिल्या पाण्याचे हात

प्रकाशा गावच्या एसटी स्टँडवरून देवळांकडे निघालं की डाव्या हाताला एक पत्र्याची टपरी लागते. ते सलाउद्दीन मिस्त्रीचं मोटार वाइंडिंगचं दुकान. दुकान रोज सकाळी नऊला उघडतं. मिस्त्री झाडू मारतो, वाइंडिंगच्या मशीनवरचं गोणपाट काढून घडी घालून ठेवतो, आणि संध्याकाळी तेच गोणपाट पुन्हा मशीनवर घालतो. मधल्या वेळात काय होतं म्हणाल, तर मी जाऊन त्याच्याजवळ बसतो. तेवढंच होतं.

मी रामसिंग. वीज खात्यात वायरमन होतो. तीस वर्षं खांबावर चढलो आणि उतरलो, आता गुडघे बोलतात. लोक मला तोंडावर बापू म्हणतात. पाठीमागे काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे, आणि त्यांचं फारसं चुकत नव्हतं. लाईट कधी येईल असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, आत्ता येईल. तीस वर्षांत मी एवढं एकच वाक्य बोललो असेन, आणि ते बहुतेक वेळा खोटं निघालं.

माझ्या खात्याच्या पापावर मिस्त्रीची चूल पेटायची. हे मी थट्टेने म्हणत नाही. इथे तापीकाठी केळी, ऊस, कापूस, सगळ्याला पाणी मोटारीचं. लाईट यायची ती अपुऱ्या दाबाने. मोटार कण्हायची, तापायची आणि एक दिवस आतली तार जळून बसायची. मग शेतकरी ती मोटार टेम्पोत घालून, मला शिव्या देत, मिस्त्रीच्या दारात यायचा. उन्हाळ्यात दारात मोटारी ओळीने उभ्या असायच्या. मिस्त्री जळकी तार उपसून काढायचा, नव्या तांब्याच्या तारेचे फेरे भरायचा, वार्निश पाजायचा, उन्हात सुकवायचा. विशीत सुरतेला जाऊन तो हे काम शिकला, म्हणून फेरे मोजायचा ते गुजरातीत. एक, बे, त्रण. मोजत असताना कोणी बोललं तर अंगावर धावून यायचा. बाकी माणूस गायीसारखा गरीब.

त्याचे हात मात्र काळे. वार्निश आणि ग्रीस नखांच्या मुळाशी जाऊन बसलं होतं. त्याची बायको खातून ईदच्या दिवशी राख आणि लिंबू घेऊन ते हात घासायची आणि शेवटी चिडून सोडून द्यायची. "हे हात घेऊन माणूस नमाजाला उभा राहतो," असं ती मला सांगायची, जणू मीच ते काळे केले होते. एका अर्थी केलेही होते.

आमच्या भागात मिस्त्रीची एक रीत होती. मोटार भरून दिली म्हणजे काम संपलं असं तो मानत नसे. ती विहिरीत उतरवायची, बटण दाबायचं, आणि पाइपातून जे पहिलं पाणी येईल त्यात मिस्त्रीने हात धुवायचे. घरच्या बाईने गुळाचा खडा हातावर ठेवायचा. मग पाणी पिकाला सोडायचं. हात धुतल्याशिवाय मिस्त्री वावर सोडत नसे. एकदा मगनभाईच्या विहिरीवर लाईट गेली ती आलीच नाही, तर हा गडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बांधावर बसून राहिला. मी सायकलवरून जाताना मला बघून हसला होता. म्हणाला, "बापू, तुमना 'आत्ता' लई लांब शे."

मगनभाई म्हणजे मगन पाटील, गुजर शेतकरी. त्याच्या बापापासूनच्या मोटारी मिस्त्रीनेच भरलेल्या. गुजरांच्या घरी माणूस कमी बोलतो आणि कामाला माणूस एकदा धरला की पिढी बदलली तरी सोडत नाही. मगनभाई तसाच होता.

मग सोलर आलं.

आता मी रिटायर माणूस, जुन्या खात्याचा, म्हणून मी सोलरला नावं ठेवीन असं लोकांना वाटतं. नाही ठेवणार. सोलरने लोकांचं भलं केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रात्री बॅटरी घेऊन विंचूकाट्यात पाणी धरायला जाणारी माणसं आता सकाळी चहा पिऊन वावरात जातात. जिथे माझे खांब कधी पोचले नाहीत तिथे बोअरला पाणी आलं. रनाळ्याकडे कोणाची पडीक जमीन प्लांटला भाड्याने गेली, कोणाचा मुलगा तिथे राखणीला लागला, कोणी पॅनल पुसायला जातं. गावातली पोरं सुरत धरायची ती थोडी थांबली. हे सगळं खरं आहे. फक्त सोलरची मोटार कण्हत नाही, तापत नाही आणि जळत नाही. जळली तरी पाच वर्षं कंपनी बघते. मिस्त्रीच्या दारातली ओळ आधी अर्धी झाली, मग दोन-चारांवर आली, मग उन्हाळ्यातसुद्धा दार मोकळं दिसायला लागलं.

त्याच्या घरात उपासमार झाली असं नाही. उलट सोलरचा पगार त्याच्याच घरात आला. त्याची मुलगी अल्मास, लहानपणी दुकानात बसून बापाला तार सोडून द्यायची. तिला त्याने स्वतः हट्टाने शहाद्याला आयटीआयला घातलं. नातेवाईक म्हणाले, मुलीला इलेक्ट्रिशियन करतोस? तो म्हणाला, मग काय करू, माझा मुलगा तीच आहे. ती पास झाली आणि एका सोलर पंपाच्या सर्व्हिस सेंटरला लागली. निळा शर्ट, डोक्यावर ओढणी आणि ओढणीवर हेल्मेट, स्कूटीला हत्यारांची पेटी. प्रकाशापासून पार खापरपर्यंतच्या वावरांतून ती फिरते. पहिल्या पगाराला तिने बापाला घड्याळ आणलं. ते तो घालतो, आणि दिवसभर बघतो. बघायला दुसरं काही नाही.

मला तो एकदाच म्हणाला होता, "बापू, खावाले शे. पन कोनी बलावत नही."

खायला आहे, पण कोणी बोलावत नाही. त्याला काय हवं होतं ते यात सगळं आलं. कोणीतरी टेम्पो घेऊन दारात यावं आणि म्हणावं, मिस्त्री, चल. एकदा तरी.

आणि या मे महिन्यात ते झालं. झालं नसतं तर बरं झालं असतं.

मगनभाईने रस्त्यापलीकडचं नवं वावर घेतलं होतं. तिथे खांब नाही, म्हणून सोलरचा पंप. त्यावर नव्या केळी लावलेल्या, घड धरलेल्या. ऐन मेमध्ये पंप बंद पडला. पॅनल उन्हात तळपत होते आणि पंप चालवणारी कंट्रोलरची पेटी मुकी. त्याने कंपनीला फोन केला. तक्रार नोंदवली, आठ दिवस लागतील, म्हणाले. जुन्या विहिरीचं पाणी उसालाच पुरत नव्हतं आणि मधून डांबरी रस्ता. तापीकाठच्या मेमध्ये केळी तीन दिवस तहानेली राहिली की झाड कमरेतून मान टाकायला लागतं. चौथ्या दिवशी सकाळी मगनभाई दुकानात आला. मी तिथेच बाकावर होतो.

"मिस्तरी, कंपनीवाला सांगतस आठ दिन. केळी आठ दिन थांबाव नही."

मिस्त्री उठून उभा राहिला होता. त्याचं तोंड मी पाहिलं. आनंद झाला होता त्याला, आणि तो लपवता येत नव्हता. तरी त्याने आधी अल्मासला फोन लावला. ती खापरकडे कामावर होती. फोन त्याने कानापासून लांब धरायची सवय, म्हणून मला स्वच्छ ऐकू आलं.

"अब्बा, हाथ मत लगाना. परसों मैं खुद आ रही हूँ."

त्याने फोन खिशात ठेवला. मगनभाई त्याच्याकडे बघत होता. मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला.

इथे मला स्वतःचं सांगितलं पाहिजे, नाहीतर ही हकीकत लिहायचा मला हक्क नाही. मी म्हणालो, "जाय ना. पोर कालनी शे, तू पस्तीस वरीसना मिस्तरी." पोरगी कालची, तू पस्तीस वर्षांचा मिस्त्री. मला वाटलं मी मित्राच्या मनातलं बोललो. बोललोही. पण तोंड बंद ठेवलं असतं तर तो बसला असता.

चेन-पुली लावून चार माणसांनी बोअरमधून मोटार वर काढली. मिस्त्रीने ती वावरातच झाडाखाली चादर टाकून उघडली. नटांवर कंपनीने लाल रंगाचे ठिपके दिलेले होते, कोणी उघडलं तर कळावं म्हणून. त्याने पान्याने ते तोडले. आतल्या फेऱ्यांवरून तो बोट फिरवत राहिला. मग मला जवळ बोलावलं.

"देखा बापू, काय तार भरेल शे. एक बी फेरा इकडना तिकडे नही."

आतलं तांबं नव्या भांड्यासारखं चमकत होतं. कुठे जळलं नव्हतं, कुठे ओल नव्हती. मोटारीत दोषच नव्हता. इथे थांबायचं होतं. पण मिस्त्रीच्या धंद्याची एक सवय आहे, आणि ती आमच्या सगळ्या खानदेशात आहे. मोटारीबद्दल शंका असली की तिला मधलं काहीही न ठेवता लाईनला थेट लावून बघायचं. याला आम्ही डायरेक्ट लावणं म्हणतो. चालली तर मोटार चांगली, दोष दुसरीकडे. मी खांबाखाली उभा राहून हजार मोटारी डायरेक्ट लावताना पाहिल्या असतील.

मोटारीचे नट पुन्हा आवळून आम्ही ती रस्त्यापलीकडे जुन्या विहिरीवर नेली. तिथे खात्याची लाईट होती. तीन तारा जोडल्या. त्याने नाही, मी. वायरमन असताना लाईनला हात मी लावणार, मिस्त्री कसा लावेल? त्याने मोटारीवर हात ठेवला, मला मान हलवून खूण केली, आणि मी बटण दाबलं.

मोटार फिरली नाही. नुसती थरथरली, जागच्या जागी, आणि आतून एक जाड गुरगुर आली. मी बटण सोडलं तोवर वास आला होता. जळक्या तारेचा तो वास मिस्त्री झोपेतही ओळखेल. त्याने हात उचलला आणि कपाळाला लावला. आमच्या जुन्या मोटारीत लोखंडाचा गोळा असतो. सोलरच्या त्या मोटारीत लोहचुंबक असतं आणि ती तिच्या पेटीच्या तालावरच फिरते, थेट लाईनवर फिरत नाही. हे आम्हाला नंतर कळलं. दोघांचं मिळून पासष्ट वर्षांचं काम, आणि एवढं ठाऊक नव्हतं.

 मगनभाईने जळकी मोटार परत वावरात आणवली, झाडाखाली ठेवली आणि वर गोणपाट टाकलं.

अल्मास आली ती बोलल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी, सकाळीच. मिस्त्री बांधावर बसला होता. येऊ नको असं मी त्याला म्हणालो होतो, पण तो आला. पोरगीने बोअरकडे पाहिलंही नाही. ती सरळ पॅनलच्या खाली शिरली, जमिनीवर उताणी झाली आणि एकेक तार चाचपत गेली. तिसऱ्या रांगेखाली थांबली. दोन तारा जिथे एकमेकींत अडकवतात तिथला प्लास्टिकचा जोड उन्हाने आणि सैल बसल्याने वितळला होता. करंगळीएवढी वस्तू. तिने पेटीतून नवी काढली, बसवली, हात झटकत बाहेर आली. पेटीवर हिरवा दिवा लागला. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"मगनकाका, चालू करा," ती हसून म्हणाली.

कोणी हललं नाही. मग तिची नजर बोअरवरून लोंबणाऱ्या मोकळ्या केबलवर गेली, तिथून झाडाखालच्या गोणपाटावर, आणि शेवटी बापावर. तिने गोणपाट उचललं, लाल ठिपके तुटलेले पाहिले, वाकून वास घेतला. वास घ्यायला तिला बापानेच शिकवलं होतं.

ती मोबाइल काढून उभी राहिली. कामाचा अहवाल जागेवरच भरायचा, फोटोसकट, असा तिच्या सेंटरचा नियम. तिचा अंगठा पडद्यावर नुसता टेकून होता.

मगनभाई हळूच म्हणाला, "बेटी, लिखी टाक, आपोआप जळी गई." आपोआप जळाली म्हटलं तर कंपनी मोटार बदलून देणार होती. त्याचं म्हणणं वाकडं नव्हतं. समोर त्याची केळी माना टाकून उभी होती. आणि अल्मास ते लिहील असं मला वाटलं. बापाची लाज राहत होती, काकाची केळी राहत होती. तुटलेल्या ठिपक्यांचा फोटो वरच्या साहेबाने पाहिला तर तिची नोकरी राहत नव्हती, एवढंच.

मिस्त्री बांधावरून उठला. घरात ते हिंदी बोलतात, पण तो अहिराणीत बोलला, मगनभाईला प्रत्येक शब्द कळावा म्हणून.

"नही. मोटर मी उघाडी, मी जाळी. मन्हं नाव लिख."

तारा मी जोडल्या होत्या. बटण मी दाबलं होतं. हे बोलायला माझं तोंड उघडलं नाही. उलट मला त्याचाच राग आला, की हा कशाला खरं बोलतो, मगनभाईचं बुडवतो. तीस वर्षं 'आत्ता येईल' म्हणणाऱ्या माणसाला दुसरा कसला राग येणार?

अल्मास म्हणाली, "अब्बा, नाव लिखाले जागाच नही शे."

तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. मीही वाकून पाहिलं. मोटार कोणी उघडली, असा प्रश्न आणि खाली तीन चौकोन. कंपनीचा तंत्रज्ञ. ग्राहक. अनधिकृत व्यक्ती. मिस्त्रीने तिन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या, शाळेतल्यासारख्या. अख्ख्या तालुक्यात ज्याला नावाने ओळखत होते तो माणूस तिसऱ्या चौकोनापाशी थांबला. मग त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हाई दाब." ती दाबताना रडत होती.

कंपनीने मोटार बदलून दिली नाही. मगनभाईने नवी स्वतः आणली, तीही दोन आठवड्यांनी मिळाली. तोवर निम्मी केळी घडासकट कमरेतून मोडून पडली होती. त्याने मिस्त्रीला एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त देवळाकडे जाताना तो दुकानावरून जायचा, तो आता पलीकडच्या गल्लीने जातो. जळकी मोटार मिस्त्रीने मागून आणली आणि दुकानाच्या दारात ठेवली. मी म्हणालो, ही कशाला डोळ्यांसमोर? त्याने ती तिथेच राहू दिली. तो दारात बसतो आणि ती शेजारी.

नवी मोटार बसवायला अल्मासच आली. मी मुद्दाम गेलो होतो, का ते मलाही सांगता येत नाही. मोटार उतरली, पेटीचा दिवा लागला, आणि पाइपातून आधी हवा खोकली, मग पाणी आलं. स्वच्छ, थंड, मनगटाएवढी धार. नियमाप्रमाणे अल्मासने मगनभाईला धारेजवळ उभं केलं आणि फोटो काढला. तेवढ्यात त्याची बायको मीनाबाई घरातून आली. तिच्या हातात वाटी होती, वाटीत गुळाचा खडा. मगनभाईने बायकोकडे पाहिलं आणि नजर वळवली, पण तिला परत जा म्हणाला नाही.

मीनाबाईने वाटी अल्मासपुढे धरली. "धोय बेटी, हात."

अल्मासने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "बापू, अब्बाले लई या ना."

मी जुन्या स्कूटरला किक मारून दुकानात आलो. मिस्त्री दारात बसला होता. एवढ्या वर्षांत कोणाला इतक्या आनंदाने मी बातमी दिली नव्हती. म्हटलं, चल, पाणी आलं, तुला बोलावलंय, मीनाबाई गूळ घेऊन उभी आहे.

"पानी उनं?" त्याने विचारलं.

"उनं."

"जोरमा शे?"

"मनगटइतलं."

"मंग बरं व्हयनं," तो म्हणाला, आणि उठला नाही. मी पुन्हा चल म्हणालो. तेव्हा त्याने आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले, आधी पालथे, मग सुलटे. नखांच्या मुळाशी काही नव्हतं. कपड्याच्या दुकानात बसणाऱ्या माणसाचे असावेत तसे हात होते. खातूनने एवढी वर्षं राख आणि लिंबाने घासून जे निघालं नव्हतं ते आपोआप निघून गेलं होतं, आणि रोज शेजारी बसून मला दिसलं नव्हतं.

"काय धोवाना, बापू?" तो म्हणाला. "काळा कोठे शेतस?"

मी तसाच परत गेलो. वावरात पोचलो तर पाइप अजून पिकाला जोडलेला नव्हता. धार नुसतीच मातीत पडत होती, खड्डा होऊन पाणी बांधाकडे निघालं होतं. तारांच्या कामाने पोरीचे हात काळे झाले होते. ते तसेच पुढे धरून ती रस्त्याकडे बघत होती, आणि माझ्या मागच्या सीटवर कोणी नव्हतं.